लामायआजीचे हात

रात्चबुरीच्या कारखान्यात मशीन नारळाच्या दुधाच्या खोक्यांवर टोपणं चिकटवायचं आणि लामायआजी ती उघडून बघायची. "म्हातारीला जमलं तर अख्ख्या थायलंडला जमेल," साहेब म्हणायचे. पण हल्ली आजीच्या बोटांत जोर नव्हता, आणि आज साहेब समोर होते. तिची नोकरी टिकावी म्हणून शेजारच्या जित्रानं गुपचूप एक टोपण सैल करून खोका सरकवला. "काय आजी, हात अजून पैलवानाचे ना?" साहेब हसले. आजीनं पिळलं. टोपण गुमान फिरलं. साहेब निघाले. "थांबा," आजी म्हणाली. "नवं टोपण कट् वाजतं. हे मुकंच. पोरी, हात न लावलेला खोका दे." तो छातीशी धरून तिनं दोनदा जोर लावला. टोपण हललं नाही. "आजी, टोपणं पूर्वीसारखीच आहेत," साहेब हळूच म्हणाले. "मग हात बदला," म्हणत आजीनं डोक्यावरची कामाची जाळी काढली.