डबी आहे की नाही

डोळ्यांवर पट्टी बांधून तो खुर्चीत ताठ बसला होता. त्याच्या पाठीमागे, कपाटाआड, त्याची बायको जमिनीवर बसून वायरी बदलत होती. कधी ती कॉम्प्युटरची वायर सरळ गाण्याच्या यंत्राला जोडायची, कधी मध्ये त्याने बनवलेला फिल्टर लावायची. फिल्टर म्हणजे काड्यापेटीएवढी डबी. कॉम्प्युटरमधून येणारा विजेचा गोंगाट ती अडवते आणि आवाज निवळतो, असं त्याचं म्हणणं. या म्हणण्यापायी त्याने चांगली नोकरी सोडली होती.

पलंगावर मेहुणा बसला होता, बायकोचा थोरला भाऊ. त्याचं स्पीकरचं मोठं दुकान होतं. त्याने डबी विकायला ठेवली तर ठीक, नाहीतर सोमवारी जुन्या साहेबांचे पाय धरायला जायचं, असं नवरा-बायकोचं ठरलं होतं.

गाणं सुरू झालं. "आहे," तो म्हणाला. डबी होती. वायर बदलली, गाणं पुन्हा सुरू झालं. "नाही." नव्हती. एकदाही चुकला नाही. मेहुण्याला स्वतःला काडीचा फरक कळत नव्हता, पण स्पीकर विकणाऱ्याने असं कबूल करायचं नसतं. तो मान डोलवत राहिला.

तरी दुकानदारच तो. म्हणाला, वायरीपाशी एकदा मी बसतो. बहिणीला उठवून, पोट सावरत, धापा टाकत तो कपाटाआड शिरला. "आहे," नवरा म्हणाला. नव्हती. पुढे सगळं अंदाजपंचे दाहोदरसे.

मेहुणा मनाचा चांगला. कान थकले असतील, म्हणाला. "आमच्या बहिणीच्या हातालाच गुण आहे, जावईबापू. तिलाच बसू दे. आता बरोबर आलं की पहिला माल मी उचलतो."

ती पुन्हा कपाटाआड गेली. गाणं सुरू व्हायच्या आतच त्याला उत्तर कळलं. या वेळी ते कशामुळे कळलं, तेही कळलं. गाणं मात्र त्याने शेवटपर्यंत वाजू दिलं.

"नाही सांगता येत, दादा," पट्टी सोडत तो म्हणाला.

मेहुण्याने जास्त ताणलं नाही. चहाला थांबा म्हटलं तरी थांबला नाही. बघू पुढे, म्हणत चपला घालून निघून गेला.

बायको तणतणतच बाहेर आली. इतके दिवस घरात बरोबर सांगत होतात, आणि नेमकं आजच कानांत बोळे बसले का, असं बरंच काही बोलली. मग तिचा आवाज उतरला. "अहो, लावलेली होती. खरंच कळलं नाही तुम्हाला?"

"कळलं ना," तो म्हणाला. "डबी लावली की तू श्वास रोखून धरतेस. इतके दिवस मी तेच ऐकत आलो."