नव्या कड्या

“पोट जरा आत घ्या, सगुणाबाई. उरलेलं मी कॉम्प्युटरवर बारीक करतो,” लाईट लावता लावता फोटोग्राफर म्हणाला.

सगुणाबाई कंबरपट्टा बांधत होती. पट्टा तिच्या आईचा. तो बांधूनच दोघींनी आपापल्या काळात लावणीचे फड गाजवले. पोरं झाली, कंबर भरली, तेव्हा सोनाराकडून तिने त्यात कड्या वाढवून घेतल्या. त्या नव्या, म्हणून जुन्यांपेक्षा जास्त चकाकत होत्या. जत्रेच्या पोस्टरवर दिसू नयेत म्हणून मेकअपवालीने पदराचं टोक खोचून त्या झाकल्या.

सगुणाबाईने पदर उपसला, पायातले चाळ दणकन आपटले आणि नव्या कड्या थेट कॅमेऱ्याकडे करून उभी राहिली.

“काढ फोटो. आणि बारीक केलंसच मला, तर जत्रेत नाचायलाही तुझ्या त्या बारकीलाच पाठव!”