नाव सांगायचं नाही

तिसऱ्या सोमवारीही मार्नीच्या खांद्यामागे दातांचे वण निघाले. जेवताना अंगावर सूप सांडलं म्हणून बेक्का तिचा टीशर्ट बदलायला गेली आणि तिचा हात तसाच थांबला. तिनं ग्लेनिसला बोलावलं.

पाळणाघर ग्लेनिस चालवायची. तिचे केस याच खोल्यांत पांढरे झाले होते. तिनं वाकून पाहिलं. अर्धगोल वण, जांभळा पडलेला, आधीच्या दोन्ही खेपांसारखाच. अडीच वर्षांची मार्नी रडली नाही. तिनं फक्त टीशर्ट पटकन खाली ओढून घेतला.

कधी झालं, ग्लेनिसनं विचारलं. बेक्का रडकुंडीला आली होती. सकाळपासून डोळ्यांत तेल घालून बसले होते म्हणाली, रडल्याचा आवाज नाही की काही नाही.

"आणि वण बघ केवढा आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "या खोलीत एवढी मोठी जिवणी कुणाची आहे, तूच सांग."

दोघींची नजर कोपऱ्याकडे गेली. तिथं कॉल्बी ठोकळ्यावर ठोकळा रचत होता. इतरांहून वर्षभर मोठा, अंगानं दांडगा, पण बोलणं मागं राहिलेलं, म्हणून लहानांच्या खोलीत. आल्याच्या दुसऱ्याच दिवशी तो बेक्काच्या मनगटाला चावला होता. त्यानंतर नाही. निदान कुणी पाहिलं नव्हतं.

कॉल्बीला आईबाप असून नसल्यासारखे. सरकारनं त्याला कॉरिन नावाच्या बाईकडे सांभाळायला दिला होता आणि कॉरिन दिवसभर पिठाच्या गिरणीत कामाला. ब्रँडन गावातल्या बाकीच्या पाळणाघरांनी त्याला एकेक करून काढून टाकलं होतं. इथूनही निघाला, तर त्याला परत करण्यावाचून कॉरिनला दुसरा मार्ग नव्हता. पहिल्याच दिवशी तिनं हे सांगून टाकलं होतं, त्याची लोकरी टोपी हातात चुरगाळत. "मला तो हवाय हो. पण नोकरी सोडून घरी बसले, तर माझ्याकडे त्याला ठेवतील तरी का?"

संध्याकाळी मार्नीची आई आली, शॉना. शनिवार-रविवार ती रात्रपाळी करायची. तेव्हा मार्नी आणि तिचा धाकटा भाऊ आजीकडे असत आणि सोमवारी आजीच मार्नीला आणून सोडी. शॉनाचे डोळे झोपेनं तारवटले होते, पण वण बघितल्यावर झोप कुठली राहतेय.

"कोण चावलं? नाव सांगा."

ग्लेनिसनं पुन्हा तेच सांगितलं. आपलं मूल चावलं गेलं एवढंच आईबापांना सांगायचं, चावणाऱ्याचं नाव सांगायचं नाही. सगळ्या पाळणाघरांचा हाच नियम. आणि कृपा करून बाहेर कुठं चर्चा करू नका.

"चर्चा? अहो, मी माझ्या आईलासुद्धा सांगितलं नाही. ती हळवी आहे, जेवण टाकून बसेल." शॉनाचा आवाज चढला. "नाव मला कळत नाही असं वाटतं तुम्हाला? तो दांडगा उद्या इथं असला, तर मार्नी नसेल. आणि मी एकटी जाणार नाही."

ती खरं बोलत होती. लहानांची खोली रिकामी झाली की बेक्काची नोकरी गेली आणि बाकीच्या पोरांचेही हाल. तरी ग्लेनिसचा जीव होईना. मागचा सगळा आठवडा ती स्वतः कॉल्बीजवळ बसली होती. दुपारी झोपताना तो तिचं बोट घट्ट धरून ठेवायचा. तो चावताना तिला एकदाही दिसला नव्हता. पण वण तर होते ना! वण खोटे कसे म्हणणार?

त्याच संध्याकाळी तिनं कॉरिनला सांगितलं, उद्यापासून त्याला आणू नका. कॉरिन भांडली नाही, तेच जास्त लागलं. तिनं निमूटपणे पोराच्या कोटाची चेन वर ओढली. कॉल्बीनं जाताना हातातला लाल ठोकळा ग्लेनिसला दिला. रोजच द्यायचा तो, उद्यापर्यंत सांभाळून ठेवायला.

शुक्रवारी कॉरिनचा फोन आला. सरकारी बाई येऊन त्याला घेऊन गेली होती, तिकडे दूर उत्तरेला, थॉम्पसन नावाच्या गावी. ग्लेनिस बरं म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

पुढच्या सोमवारी मार्नीची पाठ नितळ होती. त्याच्या पुढच्याही सोमवारी. बेक्कानं सुटकेचा श्वास सोडला. ग्लेनिसलाही हायसं वाटलं आणि तसं वाटल्याची लाजही वाटली. म्हणजे पोरगा खरंच चावत होता तर. वाईट झालं, पण चूक झाली नाही, असं ती स्वतःला बजावत राहिली.

त्यानंतरच्या सोमवारी मार्नीची आजी व्हर्ना दालचिनीचे गोड पाव घेऊन आली. मायाळू बाई, प्रत्येक पोराला नावानं हाक मारणारी. एक पाव तिनं वेगळा गुंडाळला होता.

"हा कॉल्बीचा. मनुका काढल्यात, त्याला आवडत नाहीत. कुठं आहे तो?"

गेला तो, ग्लेनिस म्हणाली. त्यापुढं तिला बोलता येत नव्हतं आणि बोलवतही नव्हतं. पण बाहेर कोट काढताना व्हर्नाच्या कानावर काहीतरी आलंच होतं. चावायचा म्हणून काढलं म्हणे, खरं का? ग्लेनिसनं तो गुंडाळलेला पाव हातात घेतला. व्हर्नानं सुस्कारा सोडला आणि नातीचे बूट काढायला बाकावर बसली. मार्नी शहाण्यासारखी पाय पुढं करून उभी होती.

"एवढ्यासाठी कुणी पोराला घालवतं का गं? मला विचारायचंस की. आमची ही काय कमी होती? रविवारी माझ्याकडे आली की धाकट्याला कडकडून चावायची. शॉनाला नाही सांगितलं, आधीच तिच्या जिवाला घोर कमी आहेत का. मी आपला आमच्या आईचा उपाय केला. ती चावली की आपणही तिला चावायचं, तेवढंच जोरात. खांद्यामागं, म्हणजे कुणाला दिसत नाही. तीन रविवार लागले बघ," मार्नीचा दुसरा बूट ओढत ती म्हणाली, "आता अगदी शहाणी झालीय."