सातव्या घरचं उळं

"यादवच्या दारात तर मी मेलो तरी जाणार नाही," कुंदन म्हणाला आणि हातातली रिकामी पिशवी त्यानं अंगणात भिरकावली. सकाळपासून तो सहा घरं फिरून आला होता. सहाही घरांतून हात हलवत आला होता.

त्याचा बाप मोतीराम ओट्यावर बसून पायात चपला सरकवत होता. पंच्याहत्तरीचा म्हातारा, एका चपलेला पाच मिनिटं घ्यायचा. "तू नको येऊ," तो म्हणाला. "मी जातो."

देवळ्याकडच्या या डोंगरपायथ्याला सगळं गाव बाजरी पेरत होतं तेव्हा मोतीरामच्या बापानं, भिकानं, पहिला कांदा लावला. लोक हसले. हसतात, लोकांचं काय जातंय. भिकानं दरसाल ढिगातून एकेक कांदा हातात घेऊन निवडला. बारीक मानेचा, गोल, जोड नसलेला, दिवाळीपर्यंत न सडणारा. तो पुन्हा जमिनीत लावायचा, त्याला फुलांचे दांडे येऊ द्यायचे आणि त्यातलं बारीक काळं बी झाडून घ्यायचं. या बियाला इकडं उळं म्हणतात. उळ्याची खोड एकच, ते वर्षभरात मरतं. एक साल चुकलं की वाण गेला.

म्हणून भिकानं घराला एक रीत लावून दिली. दरसाल सात घरी उळं फुकट द्यायचं. सहा घरं सोयऱ्याधायऱ्यांची, आणि सातवं ज्याच्याशी बोलणं बंद असेल त्याचं. आता बोला. मोतीरामच्या वाट्याला सातवं घर आलं ते यादवचं. या यादवनं बांध कोरला, अकरा वर्षं कोर्टात नाचवलं, विहिरीवरचा पाइप फोडला. पाइप फोडला त्या वर्षीही मोतीरामनं त्याच्याकडं उळं पोचवलं होतं. कुंदन तेव्हा आठ दिवस बापाशी बोलला नव्हता. का दिलं, तर म्हणे, "त्याच्याकडं राहील." म्हातारचळ, दुसरं काय.

आणि गेली दिवाळी. अठ्ठ्याण्णव सालची. कांद्याला असा भाव आला, की साठवणीच्या चाळीतला सडका कांदासुद्धा लोकांनी पुसून विकला. बियासाठी राखलेला कांदाही विकू, असं कुंदनचं म्हणणं होतं. त्याची आई कलाबाई चाळीच्या दारात गोधडी टाकून आडवी झाली. "बियाचा कांदा इकायचा तर आधी मला ईक," ती म्हणाली. कुंदन दातओठ खात परत फिरला. वर तो यादव तीन दिवस बांधावर उभा राहून चाळीत डोकावत होता. तिसऱ्या दिवशी कुंदननं धोंडा उचलला तेव्हा गेला.

राखलेला कांदा मग लावला. फुलला. मार्चमध्ये पंधरा मिनिटं गारा पडल्या आणि सगळं वावर आडवं झालं. उळ्याचा एक दाणा हाती आला नाही.

आणि आज ही सहा घरं. सहांनीही दिवाळीत बियाचा कांदा विकून टाकला होता. "अरे, असा भाव पुन्हा कवा यायचा व्हता?" साडू चहा पुढं करत म्हणाला. त्याच्या दारात नवी मोटारसायकल उभी होती. कुंदननं चहाला हात लावला नाही.

मोतीराम काठी टेकत निघाला. त्या दारात म्हातारा एकटा अपमान करून घेणार, म्हणून कुंदन पिशवी उचलून मागं निघाला. वाटेतूनच त्याला ओढून आणायचं असं त्याच्या मनात होतं. पण म्हातारा थांबला नाही.

यादवच्या अंगणात जुन्या लुगड्यावर काळंभोर उळं वाळत पडलं होतं. डोंगरापलीकडच्या त्याच्या दुसऱ्या वावराला गारांचा पट्टा लागलाच नव्हता. यादव बाजेवरून उठला नाही.

"काय काम हाय?"

"उळं दे. माझं गेलं," मोतीराम उभ्यानंच म्हणाला.

"कोर्टात मला चोर म्हणाला व्हतास."

"चोर व्हतासच तू."

कुंदनची कानशिलं तापली. झालं, आता हाकलणार. यादव उठला, शेराचं माप घेऊन आला आणि खाली बसून उळं मोजू लागला. एक शेर. दोन शेर. माप अगदी शिगोशीग भरत होता. त्याच्या कपाळावरची आठी काही गेली नाही.

कुंदनला राहवलं नाही. "तुम्ही कसा काय नाही विकला? एवढा भाव होता."

"माझी पोरं बी हेच बोंबलत व्हती," यादव खेकसला. "तीन दिवस बांधावरून तुमच्या चाळीत बघत व्हतो. रोज बियाचा कांदा जिथल्या तिथं. तुझा बाप इकत नाय म्हटल्यावर मी कसा इकू? मोतीरामनं राखलं अन् यादवनं खाल्लं, असं म्हणायला पाहिजे व्हतं गावानं?"

त्यानं पिशवीचं तोंड बांधून ती कुंदनच्या अंगावर जवळजवळ फेकलीच. "अन् बांध माझाच हाय," तो म्हणाला.

दोघं परत निघाले. बांधापाशी आल्यावर कुंदननं पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "आबा, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

मोतीराम थांबला. दिवसभरात पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला.

"सहा सोयऱ्यांना चाळीस वर्षं उळं दिलं. त्या दिवाळीत आपल्या चाळीत डोकवाया त्यातला एक तरी आला व्हता का, सांग."