कपाळावर लिहिलेलं

श्रीरंगने नाचणीच्या खिरीचा चमचा पुढे केला, तशी चष्म्यातून त्याला वर्षभराच्या लेकीच्या कपाळावर अक्षरं दिसली: ‘पोट भरलंय. आता नुसते लाड.’ त्याने मुकाट्याने चमचा खाली ठेवला.

या चष्म्याला चेहरे वाचायला शिकवलं होतं त्याच्या बायकोने, चारुताने. शेवटच्या आजारपणात, घरातला एकेक चेहरा समोर धरून. “तुम्हा पुरुषांना मेलं कपाळावर लिहून दिलं तरी कळायचं नाही,” ती म्हणाली होती. “थांब, लिहूनच देते!”

तेवढ्यात बहिणीचा फोन आला. “कसा आहेस रे?”

“मजेत, ताई!” म्हणत तो लेकीला कडेवर घेऊन तोंड पुसायला आरशापाशी गेला आणि तिच्याकडे बघून हसला. चष्मा लावून तो कधी आरशात बघत नसे. आज त्याच्याच कपाळावर अक्षरं उमटली: ‘हसू खोटं. काही विचारू नये, जवळ घ्यावं.’

तेव्हा दवाखान्यात डॉक्टरांशी बोलून तो रोज असाच हसत चारुतापाशी यायचा. ती काही न विचारता त्याचं डोकं खांद्याशी ओढून घ्यायची. तिला काही कळलेलं नाही, असंच तो आजवर समजत होता.