ओल्या विटांवरची पावलं

जग कोसळल्यावर उरलेली चाळीस माणसं नवं गाव उभारत होती. त्यांच्यात एकही मूल नव्हतं.

वीट थापणारी बाई घराच्या दारापर्यंत विटा वाळत घालायची. एका सकाळी ओल्या विटांवर तान्ह्या बाळाची पावलं उमटली होती.

"मांजर फिरलं असेल," नवरा हसला.

"मांजराला अंगठा असतो होय?"

पावलं रोज थोडी मोठी होत गेली. आठवड्याभरात ती तिच्या पावलांएवढी झाली. मग नवऱ्याचं हसू मावळलं. तो दिवसभर अंगणात पहाऱ्याला बसला. कुणी फिरकलं नाही.

संध्याकाळी ती घरात असताना अचानक तो ओरडला, "अगं, बाहेर ये! पावलं दारातून आत गेलीत, परतीची नाहीत!"

ती धावणार, तोच पाठीमागून कुणीतरी हळूच म्हणालं, "आई, जाऊ नकोस."