ईथर आहे का?

"डॉक्टरसायबांनी इचारलंय, ईथर हाय का?" शाळेच्या प्रयोगशाळेच्या दारातूनच केरबा म्हणाला. वडगावच्या एका दवाखान्यात तो नुकताच शिपाई म्हणून लागला होता.

दत्तोबा मास्तर चकितच झाले. ते वर्षानुवर्षं ज्याला त्याला ईथरबद्दल सांगायचे आणि लोक काढता पाय घ्यायचे. आज कुणीतरी आपणहून विचारत होतं!

"बैस. लाटेला पाणी लागतं की नाही?"

"लागतं की."

"उजेडही लाटच. मग सूर्याचा उजेड इथवर येतो तो कशातून? ईथरमधून! परवा रशियानं आकाशात बनावट चंद्र सोडला, तोही ईथरमध्येच पोहतोय. अमेरिकेत दोघांनी प्रयोग केला. प्रकाशाचे दोन झोत काढले, एक उभा, एक आडवा, आणि आरशांवरून परत फिरवले. पृथ्वी ईथरमधून धावते, म्हणजे एक झोत मागे पडायला हवा. पडला नाही. लगेच लोक म्हणाले, ईथरच नाही! अरे, प्रयोग तळघरात केलात, तिथं ईथर कोंडून राहणारच. मी लोणावळ्याच्या डोंगरावर केला, उघड्यावर."

केरबा पार गोंधळला. "पर हाय का न्हाई, तेवढं सांगा. तिकडं खोळंबा झालाय."

"सगळं जग खोळंबलंय, बाबा."

केरबानं बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. जास्त बोलू नकोस, असं त्याला निघताना बजावलेलं होतं.

मास्तर रसायनांच्या कपाटाला टेकले. उद्या पुण्यात प्राध्यापकांसमोर 'ईथर आहे' असं छातीठोकपणे सांगायचं होतं. पण डोंगरावर दोन्ही झोत बरोबरच परतले होते, पुन्हा पुन्हा. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. चूक यंत्राची, त्या दोघांची, की आपलीच? पण खोटं काही बोलवेना.

"सांग डॉक्टरांना," ते म्हणाले, "ईथर नाही."

बोलून टाकल्यावर त्यांना रडू आलं, आणि फार हलकंही वाटलं.

केरबा धावतच दवाखान्यात पोचला. "न्हाई म्हनले. लय इचार करून सांगितलं."

"म्हणजे शाळेतली ईथरची बाटलीही संपली," डॉक्टर म्हणाले. "आता भूल देता येणार नाही. मोडलेलं हाड तसंच बसवावं लागेल. केरबा, खांदे दाबून धर."

टेबलावरच्या म्हाताऱ्या मुक्ताबाईंनी पदराचा बोळा केला. "माज्या दत्तूला न्हाई ना सांगितलं? उद्या पुन्याला जायाचंय त्याला," त्या म्हणाल्या, आणि बोळा दातांत धरला.